दत्तक मंजूर!

सातवीला इतिहास शिकवताना डलहौसी आला की माझी मुलं जरा सावरून बसायची. धडा आमच्याच जिल्ह्याचा ना! १८४८ साली साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज गेले. जाण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसी म्हणाला, दत्तक नामंजूर. नि राज्य खालसा! पुढे झाशी, नागपूर... ही यादी पोरांना तोंडपाठ असायची. एकदा एकाने विचारलं, "बाई, पण राज्य घेतलं कुणी? राणीनं?" म्हटलं, "नाही रे बाळा, तेव्हा राणी नव्हती, कंपनी होती." त्याला काही ते पटलं नाही. कंपनी म्हणजे त्याच्या लेखी त्याचे चुलते मुंबईला जिथे कामाला होते ती.

हे सगळं परवा आठवलं ते माझ्या भाच्यामुळे. (तो हे वाचणार आहे. ताई, तूही वाचशील. पोरावर मी रागावलेले नाही, हे आधीच सांगून ठेवते.) तो पुण्याला एका मोठ्या कंपनीत सीएसआर नावाच्या विभागात आहे. म्हणजे कंपनीच्या नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करायचा, तो कुठे करायचा हे ठरवणारी मंडळी. फोन करून म्हणाला, "मावशी, सातारा जिल्ह्यातल्या चार-पाच शाळा घ्यायचा विचार चाललाय. तुझी ती डोंगरातली शाळा सुचवू का?"

"घ्यायचा म्हणजे?"

"दत्तक गं. बेंच, स्वच्छतागृह, भिंतीवरचा तो टीव्हीसारखा फळा... सगळं आम्ही देऊ. फक्त कंपनीचा बोर्ड लागेल."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो शेवटी म्हणाला, "मावशी, तू ना अजून सत्तर सालातच आहेस! अगं, २०२३ साली तुमच्या सरकारनेच तर ही योजना काढली होती." नि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला नाही, पण ठेवला.

खरंच काढली होती. म्हणून मी जुनी कात्रणं काढून बसले.

२०२३ चा सप्टेंबर महिना मी विसरणार नाही. ५ तारखेला शिक्षक दिन झाला, हार-तुरे झाले. ६ तारखेला सरकारचा निर्णय निघाला, की सरकारी कामासाठी माणसं नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटावर घ्यायची. १८ तारखेला, ऐन हरतालिकेच्या दिवशी, दत्तक शाळा योजना. घरात गणपतीची आरास अजून उतरलेली नव्हती तोच २१ तारखेला तिसरा कागद, की वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळांची 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव पाठवा. पंधरा-सोळा दिवसांत तीन कागद! एकात नोकर कंत्राटावर, एकात शाळेच्या नावाची पाटी भाड्याने, नि एकात शाळाच उचलून दुसरीकडे. पहिला कागद बोंबाबोंब झाल्यावर २० ऑक्टोबरला मागे घेतला. आधीच्या सरकारचं पाप आमच्या माथी, असं जाता जाता सांगून. आधीचं सरकारही धुतल्या तांदळाचं नव्हतं म्हणा. कमी मुलांच्या शाळा बंद करायची टूम तर जुनीच. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी मुलांच्या १३१४ शाळांची यादी निघाली होती, आठवत असेल.

तर दत्तक योजना. यात दोन प्रकार. एक साधं पालकत्व. दुसरं 'नामकरण आधारित विशिष्ट पालकत्व'. शब्द सरकारी आहेत, माझे नाहीत. मोठ्या महापालिकेतल्या शाळेला पाच वर्षांसाठी २ कोटी, दहा वर्षांसाठी ३ कोटी. 'क' वर्ग महापालिकेत १ कोटी नि २ कोटी. 'ड' वर्ग, नगरपालिका नि खेडेगावात ५० लाख नि १ कोटी. रोख नाही, वस्तू नि सेवांच्या रूपात. तेवढं दिलं की शाळेला देणगीदाराच्या पसंतीचं नाव.

तिसरी-चौथीला नफा-तोट्याची गणितं शिकवलेली बाई मी. लगेच भागाकार केला. मोठ्या शहरात पाच वर्षांचा भाव वर्षाला ४० लाख पडतो, दहा वर्षांचा ३० लाख. घाऊक घेतलं की सवलत! नि आमच्या खेड्याला मात्र दोन्हीकडे वर्षाला १० लाखच, तिथे घाऊकचाही फायदा नाही. असा तक्ता देणगीचा नसतो हो. एसटीच्या बसवर जाहिरात लावायची झाली तर असा तक्ता असतो.

आता माझ्या शाळेची गोष्ट सांगते. पाटण तालुक्यातलं डोंगराच्या कुशीतलं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथे अकरा वर्षं होते. गेले तेव्हा शाळा देवळात भरायची. पावसाळ्यात सभामंडपात गळायचं, नि सप्ता बसला की सात दिवस सुट्टी. गावातल्या एका शेतकऱ्याने रस्त्याकडेचं आपलं पाच गुंठे रान शाळेला बक्षीसपत्र करून दिलं. त्याच्याकडे काही बागायती नव्हती, सगळं मिळून दीड-दोन एकर, तेही चढावर. दोन खोल्या गावाने बांधल्या. ओढ्यातला दगड बायकांनी डोक्यावरून आणला, मीही आणला. पत्रे जिल्हा परिषदेने दिले. उद्घाटनाला सभापती आले, त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. ती अजून आहे! रान देणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याला त्या दिवशी पुढे खुर्चीवर बसवायला गेलो तर म्हणाला, "बाई, म्हशीची वेळ झाली." नि गेला.

अशा खोल्या महाराष्ट्रात किती असतील! 'शैक्षणिक उठाव' हा शब्द माझ्या पिढीतल्या सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. घरोघरी फिरून धान्य, पैसे, घड्याळ, पंखा, जे मिळेल ते गोळा करायचं. तेव्हा देणग्यांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. मी स्वतः पदर पसरून देणग्या मागितल्या आहेत. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याने दिलेल्या पाण्याच्या टाकीवर त्याचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवलं गेलं, तेव्हा मीही गप्प बसले होते. मुलांना पाणी मिळतंय ना, म्हटलं. आज वाटतं, तिथेच चुकलं. पण टाकी ती टाकी. शाळेचं नाव नव्हतं विकलं.

शाळेच्या नावावरून कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट साताऱ्याच्या शिक्षकांच्या तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदललंत तर मोठी देणगी देतो, असा निरोप घेऊन कुणी आलं, नि अण्णांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. रयत शिक्षण संस्थेला तेव्हा पैशांची काय चणचण होती हे वेगळं सांगायला नको. वसतिगृहातल्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी मंगळसूत्र मोडलं, तो हा माणूस. आणि आज सरकार, ज्याच्या हातात कर बसवायचा अधिकार आहे, ते स्वतः होऊन तक्ता छापतं, की नाव बदला, भाव असा असा.

भाचा म्हणतो, "मावशी, सरकारकडे पैसे नाहीत." हे मात्र मला अजिबात मान्य नाही. पैसे नाहीत की सोडून दिले?

कागद-पेन्सिल घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कंपन्यांवरचा कर कमी केला. मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. सवलती सोडायची अट होती, त्यामुळे सगळ्यांचे आठच्या आठ टक्के वाचले असं मी म्हणणार नाही, हिशेबात मी कडक आहे. पण त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचं उत्पन्न सोडावं लागेल, हा आकडा खुद्द सरकारने सांगितलेला आहे. आता दुसरी बाजू. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५. हे काँग्रेसच्या काळातलं. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. त्यातच शाळा, त्यातच झाडं, त्यातच आरोग्य शिबिरं. म्हणजे हक्काने घ्यायचा पैसा एका हाताने सोडला नि दुसऱ्या हातात कटोरा घेऊन त्याच दारात उभे राहिलो, "दोन टक्क्यांतलं काही शाळेला वाढा हो माय!"

फरक काय पडतो? पडतो. कर भरणारा माणूस पैसा कुठे जाईल हे ठरवत नाही. ते ठरवायला आपण आमदार, खासदार, झेडपीचे सदस्य निवडून देतो, नि त्यांना शिव्याही घालू शकतो. देणगी देणारा स्वतः ठरवतो. कंपनी तिच्या कारखान्याजवळची शाळा निवडणार, हमरस्त्यालगतची निवडणार, जिथे पाटी चार लोकांना दिसेल. धनगरवाड्यावरची शाळा कोण दत्तक घेणार? तिथे पाटी वाचायला फक्त म्हशी.

आणि आपण सामान्य माणसं काही फुकट शिकत नाही बरं का. २००४ पासून केंद्राच्या करांवर २ टक्के शिक्षण उपकर आहे, २००७ ला तो ३ टक्के झाला, २०१८ ला आरोग्याची मोट बांधून ४ टक्के. ज्या वर्षी माझ्या पेन्शनवर कर बसला त्या वर्षी मीही तो भरला. माझ्या नावाची पाटी कुठल्या शाळेला लावणार? कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. मी तेव्हा शाळेत होते. शिकले, डी.एड. झाले, नोकरी केली, बाहेरून बी.ए. केलं, निवृत्त झाले, नातवंडं झाली. २०२० च्या नव्या धोरणात पुन्हा तेच ६ टक्के लिहिलेले वाचले. इतका जुना गृहपाठ अपुरा ठेवलेला विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

त्याच कंपनी कायद्यात आणखी एक कलम आहे, १८२. राजकीय पक्षांना द्यायच्या देणग्यांचं. मोजमाप तेच, तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा. मर्यादा होती साडेसात टक्के. २०१७ साली ही मर्यादाच काढून टाकली. शाळा, दवाखाने, झाडं सगळ्यांना मिळून २ टक्के. पक्षाला मात्र कितीही! वर निवडणूक रोखे आणले, म्हणजे कुणी कुणाला दिले ते मतदाराला कळायलाच नको. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. २०१९ च्या एप्रिलपासूनचेच बारा हजार कोटींच्या वर रोखे. जवळपास निम्मे भाजपच्या वाट्याला, पण तृणमूल नि काँग्रेसही हजार-हजार कोटींच्या पुढे. (माकपने घेतले नाहीत, हे नोंदवून ठेवते.) सगळ्यांत मोठी खरेदीदार कोण, तर लॉटरीच्या धंद्यातली कंपनी. तेव्हा कंपन्यांकडे शाळेसाठी मागायला जाणारा पुढारी आधी स्वतःसाठी तिथेच जाऊन आलेला असतो. तो तिथे कर वाढवायची भाषा कोणत्या तोंडाने करणार?

समूह शाळांबद्दल थोडं. वीसपेक्षा कमी मुलांच्या १४,७८३ शाळा, त्यात १,८५,४६७ मुलं. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं. पुण्यात बसून पाहिलं तर चैनच वाटेल. पण ती साडेबारा मुलं तिथे का आहेत ते बघायला आमच्याकडे जुलैत या. वाडीपासून खालच्या मोठ्या गावापर्यंत चार किलोमीटर, मध्ये ओढा. बस देऊ म्हणतात. एसटी येत नाही तिथे शाळेची बस कुठून येणार? नि पोरगा एकवेळ जाईल चालत, पोरगी नाही जाणार. तिला घरी ठेवतील, धाकट्याला सांभाळायला. हे मी अंदाजाने सांगत नाही, हजेरीपटावर माझ्याच हाताने किती नावांपुढे रेघा मारल्यात ते मला माहीत आहे.

गंमत पुढे आहे. वाडीवरची शाळा उचलायचे प्रस्ताव मागवून पाच महिने झाले नाहीत तोच, ९ फेब्रुवारी २०२४ ला त्याच सरकारने नवी अधिसूचना काढली. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही. का, तर सरकारी शाळा जवळच आहे ना! म्हणजे गरिबाचं पोर खासगी शाळेच्या दारात गेलं की सरकारी शाळा हाकेच्या अंतरावर असते, नि ते वाडीवर राहिलं की सरकारी शाळा परवडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली, हे बरं झालं. पण दर वेळी कोर्टानेच कान धरायचा का?

आणि विचारायचं तरी कुणाला? आमच्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली नि प्रशासक बसले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९६२ साली, जिल्हा परिषदा आल्या नि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती दिल्या, त्या कशासाठी? गावच्या शाळेबद्दल गावच्या माणसाला कुणाची तरी कॉलर धरता यावी म्हणून. २०२३ च्या सप्टेंबरात धरायला कॉलरच नव्हती. शाळांचं भवितव्य ठरवणारे कागद नेमके तेव्हा निघाले, याला मी योगायोग म्हणत नाही. तुम्ही म्हणा हवं तर.

आमचीही बाजू काही पांढरी शुभ्र नाही. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. मी घरात एक दिवस रुसून बसले नि दुसऱ्या दिवशी तिचा डबा भरला. झेडपीच्या शिक्षकांची मुलं झेडपीच्या शाळेत किती, हा प्रश्न कुणी विचारला की आम्ही मास्तर लोक खिचडीच्या रजिस्टरबद्दल नि मतदार याद्यांच्या कामांबद्दल बोलायला लागतो. ती कामं खरीच आहेत, पण ते उत्तर नाही. आपण मधल्या लोकांनी शाळा सोडली म्हणून ती पोरकी दिसायला लागली, नि पोरकी दिसली म्हणून दत्तक द्यायचं कुणाच्या तरी मनात आलं. (शिक्षक कमी पडतात म्हणून त्याच वर्षी निवृत्तांना महिना २० हजारांवर बोलावलं होतं. वयाची अट सत्तरपर्यंत. मी दोन वर्षांनी हुकले! नाहीतर कंत्राटी बाई म्हणून पुन्हा दगड उचलायला गेले असते.)

२ ऑक्टोबर २०२३ ला त्या गावात ग्रामसभा होती. मी पाहुणी म्हणून गेले, मागे बसले. विषय शाळेचा. समूह नको यावर सगळ्यांचं एकमत झालं, पण दत्तक योजनेवर फाटे फुटले. उपसरपंच तरुण, चांगला मुलगा, माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, पाटी लागली तर काय बिघडलं? क्रिकेटच्या कपांना नाही का लागत? पन्नास लाख कोण देतंय आपल्याला?" बऱ्याच माना हलल्या. खरं सांगायचं तर मला पटकन उत्तर सुचलं नाही. उपकर, कलमं, टक्केवारी हे सगळं डोक्यात होतं, पण तिथे ते कुणाला सांगणार?

तेव्हा बायकांच्या बाजूने एकजण उभी राहिली. रान देणाऱ्याची सून. आता तीही माझ्याच वयाची. म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं रान दिलं तवा पाच वर्सासाठी नव्हतं दिलं."

एवढंच बोलून ती बसली. दत्तकाचा ठराव पुढे आलाच नाही. समूह शाळेच्या विरोधातला मात्र एकमताने झाला, नि त्याखाली मीही उपस्थित म्हणून सही केली.

काल भाच्याचा पुन्हा फोन. जरा बिचकतच बोलत होता. "मावशी, पाटीचं राहू दे. मग बेंच तरी पाठवू का नको?"

म्हटलं, "पाठव की. मुलं फरशीवर बसतात. आणि कर पूर्ण भरा म्हणावं तुझ्या साहेबांना."

"बेंचवर नाव तर टाकावं लागेल गं, फोटो लागतो आम्हाला."

"बाकाच्या खालच्या बाजूला टाक. पोरं तिथे च्युइंगम चिकटवतात."

हसला तो. बेंच अजून आलेले नाहीत.